सहावी कामटी

तौनोच्या शेडमध्ये विकतचं असं एकच,
कळक. तो चीनहून येतो, बारा फुटी मोळीतून.
बाकी सगळं त्यानं कशाकशातून उपटलेलं.

भट्टी म्हणजे धुराड्याचे दोन नळ, एकात एक,
खाली रंग उडवायची गरम हवेची बंदूक,
वर रेनडिअरच्या मांसात खुपसायचा थर्मामीटर.
रंध्याखालचा साचा बर्चच्या दोन पट्ट्यांचा,
मधे निमुळती खाच, कडेनं चोवीस स्क्रू.
त्यांतले सात गिरणी बंद पडली त्या दिवशी
त्याच्या जेवणाच्या डब्यातून घरी आले.
वार्निश वाळेतो काठी फिरवणारी मोटर मायक्रोवेव्हची,
मिनिटाला सहा फेरे. तिला घाई ठाऊक नाही
म्हणून ती त्याला आवडते.

मी शाळेत शिवण शिकवायचे. पस्तीस वर्षं काजं, टीप, काजं.
निवृत्त झाले त्या हिवाळ्यात हा दारात उभा, टोपी हातात:
"केर्तू, तुझा हात थरथरतो का?"
असं विचारतं का कुणी? नाही म्हटलं.
"माझा थरथरतो," म्हणाला.

तेव्हापासून कड्या बांधायचं काम माझ्याकडे.
रेशमाला ताण हवा, म्हणून टेलिफोनची डिरेक्टरी,
लॅपलँडची, एकोणनव्वद सालची.
दोरा पानांमधून ओढायचा.
जितकी पानं वर, तितका ताण जास्त.
माझ्या हाताला 'एल' अक्षर मानवतं.
मेलेल्यांच्या, स्वीडनला गेलेल्यांच्या नंबरांवरून
सरसरत येतो तो, आणि काठीला वेढा पडतो.
एकदा माझ्या माहेरचा नंबर दिसला.
हात थांबवला नाही. थांबला की वेढा सुटतो.

तौनोच्या उजव्या तर्जनीला दोनच पेरं,
तिसरं गिरणीत राहिलं.
कळकाची पेरं मात्र तो जिवापाड सांभाळतो.
सहा कामट्या, प्रत्येकीचा कोन साठ अंशांचा,
पेरं एका ओळीत आली तर काठी तिथंच मोडणार,
म्हणून एकेक कामटी जराशी पुढे सरकवायची,
शेजाऱ्यांनी कुंपणं सरकवावीत तशी, हळूच.
रंध्यातून निघालेली साल तो थुंकी लावून
खिडकीच्या काचेवर चिकटवतो,
पलीकडचा बर्फ दिसला तर बरोबर.

मार्चमध्ये एक बिघडली.
सहावी कामटी भट्टीत जास्त वेळ राहिली, कोणी फोनवर होतं.
काठी तयार झाली ती डावीकडे बघणारी,
जणू तिकडून कुणी हाक मारलीय.
त्यानं ती सावनाच्या सरपणात टाकली
आणि कॉफी ओतली. दोन कप. साखर विसरला.

शनिवारी सावना तापला,
मी घरी आले तेव्हा टॉवेलात गुंडाळलेली ती होती.
चोरी म्हणा. मी शिक्षिका होते, शब्द कळतो मला.
रात्री हिरवा दोरा लावला,
माशी बांधली मांजराच्या केसांची,
मांजराला विचारून.

जूनमध्ये, मध्यरात्रीचं ऊन पाण्यावर होतं तेव्हा
मी खळखळाटाच्या उजव्या काठाला उभी राहिले.
दोर डावीकडे जाणारच, तर मीच जरा उजवीकडे सरकायचं,
एवढंच गणित.
तिसऱ्या फेकीला ग्रेलिंग लागला,
पाठीवरचा पंख उघडलेला, निळसर, ठिपक्यांचा.
पलीकडच्या काठावर तौनो दगडावर बसलेला.
किती वेळ बसला होता कोण जाणे.
हात हलवला नाही त्यानं. मीही नाही.

सकाळी आला. काठी मागितली,
एक डोळा मिटून तिच्या लांबीवरून नजर धावडवली,
अडीच बोटांनी हिरवे वेढे चाचपले.
"कुठल्या पानात घातला होतास दोरा?"
"शेवटच्या."
"फार ताणलास."

मग खिशातून खिळा काढला, वाकडाच होता,
शेडच्या भिंतीत बाकीच्यांच्या रांगेत
तिच्यासाठी ठोकला,
रांग मोडून, दोन बोटं डावीकडे.